जॉब कोणता?

बेळगावहून खानापूर रोडनं उद्यमबाग मागं टाकली की पिरनवाडीच्या नाक्यावर रस्ता फुटतो. सरळ गेलं तर खानापूर, लोंढा आणि पुढं अनमोड घाट. उजवीकडं वळलं तर जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट. दोन्ही रस्ते गोव्यातच उतरतात. गाडीची काच खाली करून कुणी विचारलं, “गोव्याला चांगला रस्ता कुठला हो?” तर टपरीवरचा माणूस लगेच बोट दाखवत नाही. तोच उलट विचारतो, “गोव्यात कुठं जाणार?” साखळी, म्हापसा, पणजी म्हटलं की हात चोर्ल्याकडं. फोंडा, मडगाव म्हटलं की अनमोडाकडं. मग गाडीकडं एक नजर: कार आहे की माल भरलेला ट्रक. आणि आषाढ असेल तर आभाळाकडंही एक नजर, कारण धुक्यात चोर्ल्याची वळणं निराळीच होतात.

चांगला रस्ता असं काही नसतंच, असं मात्र तो म्हणत नाही. त्याचं उत्तर शेवटी ठामच असतं. फक्त ते देण्याआधी त्याला दोन-तीन गोष्टी कळाव्या लागतात.

संगणकाच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन विचारतं, “व्हिडिओ एडिटिंग आणि गेमिंगला सगळ्यात चांगला प्रोसेसर कुठला?” तेव्हा प्रश्न बाजारातला वाटतो. पण त्याच्या पोटात दर्शनशास्त्रातला एक जुना वाद बसलेला आहे. एखादी वस्तू चांगली आहे असं म्हणतो, तेव्हा तो चांगुलपणा असतो कुठं? वस्तूत की पाहणाऱ्याच्या नजरेत? वस्तूत असेल तर सगळ्यांना एकच वस्तू चांगली वाटायला हवी. नजरेत असेल तर मग कुणी काहीही घ्यावं, विचारायचं कशाला?

डोळ्यांसमोर एक तरुण आणू. पिरनवाडीत राहणारा, लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करणारा. नावाची गरज नाही, असे तरुण सीमाभागातल्या गावोगावी आहेत. तुळशीचं लग्न लागलं की याचा हंगाम सुरू होतो तो मिरगापर्यंत. हळद, अक्षता, वरात, सगळं फोर-केमध्ये. पूर्वी लग्नघर महिना-महिना कॅसेटची वाट बघायचं. आता अक्षता पडल्या की संध्याकाळच्या आत रील पाहिजे. रात्री काम उरकलं की हा हेडफोन चढवतो आणि दोन तास व्हॅलोरंट हा गेम खेळतो. टेबलाखालच्या डब्यात रायझन 5 2600 आहे, 2018 सालचा, सहा कोरचा, बी450 मदरबोर्डवर बसवलेला. टाइमलाइनवर तीन कॅमेऱ्यांचे पट्टे एकाखाली एक लावले की चित्र अडखळतं. म्हणजे बदलाची वेळ आली.

त्याच मदरबोर्डवर, फक्त बायोस अपडेट करून, दोन सख्खे भाऊ शोभावेत असे प्रोसेसर बसू शकतात. एक रायझन 7 5700एक्स, 2022 चा. दुसरा रायझन 7 5700एक्स3डी, 2024 चा. दोघांनाही आठ कोर, सोळा थ्रेड. रचना एकच, सॉकेट एकच. मोठे फरक दोनच. पहिला सेकंदाला 460 कोटी ठोक्यांपर्यंत जातो, दुसरा 410 कोटींवर थांबतो. पण पहिल्याकडं तिसऱ्या पातळीची कॅश मेमरी 32 एमबी आहे, तर दुसऱ्याच्या डोक्यावर जादा कॅशचा मजला चढवून ती 96 एमबी केलेली आहे.

आता बघा. 144 हर्ट्झच्या पडद्यावर गेमचं एक चित्र तयार करायला सुमारे सात मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात गोळी कुठं लागली, भिंतीआड कोण आहे, पावलांचा आवाज कुठून आला, असे हजार हिशेब. कुठली माहिती कधी लागेल याचा नेम नाही, कारण समोरचा खेळाडू काय करेल ते त्यालाच ठाऊक. लागेल ती माहिती जवळच्या कॅशमध्ये नसली की रॅमपर्यंत जावं लागतं, आणि त्या एका फेरीत 80 नॅनोसेकंदांच्या आसपास जातात. ऐकायला क्षुल्लक, पण तेवढ्यात प्रोसेसरचे तीनशेच्या वर ठोके नुसते हातावर हात धरून जातात. फोडणी तडतडत असताना हळद आणायला कोठीच्या खोलीत जाण्यातला प्रकार. मिसळणाचा डबा ओट्यावर मोठा असलेला बरा. बाईचा हात किंचित सावकाश चालला तरी चालेल. म्हणून गेममध्ये कमी ठोक्यांचा 5700एक्स3डी जास्त ठोक्यांच्या भावाला मागं टाकतो.

एडिटिंग ही पंगत आहे. तासाभराची फिल्म, सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे 90,000 चित्रं. फोर-केच्या प्रत्येक चित्रात 82,94,400 ठिपके. पण पुढं काय वाढायचं ते आधीच ठरलेलं असतं. वरणानंतर भात, भातानंतर तूप. माहिती रांगेनं येते, ती आधीच मागवून ठेवता येते, त्यामुळं मोठ्या डब्याचं कौतुक उरत नाही. इथं लागतात वाढपी, आणि ते पायांनी चपळ हवेत. एक्सपोर्टच्या कामात 5700एक्स थोडा का होईना पुढं राहतो. मग वाढपी वाढवत नेले तर? तिथं जीन अॅमडाल या अभियंत्यानं 1967 मध्ये मांडलेला हिशेब आडवा येतो. कामाचा नव्वद टक्के भाग वाटून घेता येत असेल आणि दहा टक्के एकानंच करायचा असेल, तर आठ कोरांनी काम 4.7 पट वेगानं होतं. सोळा कोरांनी नऊपट होत नाही, 6.4 पटच होतं. आणि कोर हजार लावले तरी दहापटीची वेस ओलांडता येत नाही. वाढपी कितीही आणा, भात शिजायला लागायचा तेवढा वेळ लागतोच.

म्हणजे दोन भावांत चांगला कोण? एडिटिंगला थोरला, गेमिंगला धाकटा. चांगुलपणा नुसत्या चिपमध्ये नाही हे यावरून कळतं. पण तो नुसता बघणाऱ्याच्या मनातही नाही. घड्याळ लावून तो मोजता येतो, आणि मोजणारा कुणीही असला तरी आकडा जवळपास तोच येतो. तो वस्तू आणि काम यांच्या नात्यात आहे, आणि ते नातं अगदी खरं आहे. पिरनवाडीच्या अलीकडं उद्यमबागेत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लेथ चांगली की मिलिंग, असा प्रश्न तिथल्या कारखान्यात विचारला तर मशीनवरचा माणूस बोटं पुसत एवढंच विचारेल, “जॉब कोणता?”

या दोन शब्दांच्या प्रश्नाला बेळगाव भागात हजार-दीड हजार वर्षांचं शास्त्र पाठीशी आहे.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं 1204 मध्ये बांधलेली. आत मंडपात मान वर केली की छतातून दगडी कमळ खाली उमललेलं दिसतं, 72 पाकळ्यांचं: भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले प्रत्येकी 24 तीर्थंकर, अशी त्याची मांडणी सांगतात. हा सगळा मुलूखच जैन परंपरेत मुरलेला. चिकोडीकडच्या सदलगा गावात 1906 मध्ये जन्मलेले आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत असत. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसाराची त्यांनी 1935 मध्ये काढलेली आवृत्ती जैन विद्येच्या अभ्यासकांत आजही मानाची आहे.

जैन दर्शनाचा कणा म्हणजे अनेकान्त. वस्तूला अनंत धर्म असतात. एका वेळी एका बाजूनंच तिच्याविषयी बोलता येतं. त्या एका बाजूला म्हणतात नय. म्हणून जबाबदारीनं बोलणाऱ्यानं वाक्याआधी ‘स्यात्’ लावावं. स्यात् म्हणजे ‘कदाचित’ नव्हे; इथंच बहुतेकांची गफलत होते. स्यात् म्हणजे अमुक एका अपेक्षेनं, अमुक बाजूनं पाहता. ‘कदाचित हा प्रोसेसर चांगला असेल’ हे दुकानदाराचं अंग काढून घेणं झालं. ‘तीन कॅमेऱ्यांचं लग्न एक्सपोर्ट करायचं या अपेक्षेनं हा चांगला आहेच’ हे स्याद्वादाचं वाक्य. त्यातला ‘च’ काढायचा नाही. जैन तार्किकांनी तो मुद्दाम ठेवला आहे.

या विचाराचं आणि संगणकाचं नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1954 मध्ये सांख्यिकीच्या पायाविषयी एक निबंध लिहिला. आधुनिक संभाव्यतेच्या कल्पनेला लागणारी तार्किक पार्श्वभूमी स्याद्वादाच्या सात भंगांत, म्हणजे विधानाच्या सात प्रकारांत, दिसते, असं त्यांनी त्यात मांडलं. तीन वर्षांनी जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञानं संस्थेच्याच ‘संख्या’ या नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला. आणि देशात आलेल्या पहिल्यावहिल्या डिजिटल संगणकांपैकी एक, एचईसी-2एम, याच संस्थेनं त्याच दशकाच्या मध्यावर इंग्लंडहून कोलकात्याला आणला. स्याद्वाद वाचणारा माणूस आणि संगणक मागवणारा माणूस एकच होता, ही गोष्ट आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही.

सात भंगांपैकी चौथा मोठा गमतीचा. आहे आणि नाही हे एकामागोमाग म्हणता येतं, तो तिसरा भंग. पण दोन्ही एकाच क्षणी, एकाच दमात म्हणायला गेलं तर भाषा हात टेकते. त्याला ‘अवक्तव्य’ म्हणतात. मार्च 2025 मध्ये आलेला रायझन 9 9950एक्स3डी हा या दोन भंगांचा सिलिकॉनमधला नमुना आहे. सोळा कोर, पण आठ-आठ कोरांच्या दोन तुकड्यांत. जादा कॅश त्यांतल्या एकाच तुकड्याला. गेम सुरू झाला की विंडोज ते ओळखतं आणि बिनकॅशचा तुकडा झोपवून ठेवतं. गेम संपवून एक्सपोर्ट लावला की सोळाच्या सोळा जागे. एकामागोमाग तो दोन्ही आहे. पण मागं एक्सपोर्ट चालू ठेवून पुढं गेम खेळायला बसलं, तर कुणाला कुठल्या तुकड्यावर बसवायचं हे यंत्राला दर वेळी नेमकं जमेलच असं नाही. किंमत मात्र दोन्ही भंगांची एकदम घेतात.

एक नय बदलला की सगळा निकाल कसा उलटतो, त्याचं उदाहरण या तरुणाच्या पिशवीतच आहे: कॅमेरा. साधा आठ बिटचा, 4:2:0 पद्धतीचा व्हिडिओ असेल तर चार ठिपक्यांमागं रंगाची एक नोंद असते आणि बहुतेक कुठलंही ग्राफिक्स कार्ड तो लीलया उलगडतं. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात दहा बिट, 4:2:2 असा पर्याय असतो. त्यात दोन ठिपक्यांमागं रंगाची एक नोंद, त्यामुळं हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा पुढं रंगसंस्कारात ताणला तरी फाटत नाही. पण हा प्रकार एच.265 मध्ये असला तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स 40 मालिकेपर्यंतच्या कार्डांना तो हार्डवेअरनं उलगडता येत नाही. 2025 च्या 50 मालिकेत ती सोय आली. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र ते अकराव्या पिढीपासून जमतं. म्हणजे कॅमेरा 4:2:2 वर लावलेला असेल तर वरचे दोन्ही भाऊ बाजूला पडतात आणि मधल्या किमतीचा एखादा इंटेल, तोही शेवटी ‘एफ’ नसलेला, टाइमलाइनवर त्यांच्यापेक्षा मऊसूत चालू शकतो. ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. दोन पैसे वाचतात म्हणून तो घ्यायचा, आणि नेमकं ज्यासाठी इंटेल घ्यायचा तेच त्यात नसायचं.

एकच बाजू पाहणं हा दोष नाही. जैन तार्किक नयाला वाईट म्हणत नाहीत. एक नय जेव्हा बाकीच्या नयांना खोटं ठरवून स्वतःच संपूर्ण सत्य असल्याचा दावा करतो, तेव्हा तो दुर्नय होतो. एखाद्या गेममधला बेंचमार्क हा नय. त्या एका आकड्यावर ‘जगातला सर्वोत्तम’ असं छापणं हा दुर्नय. जाहिरातींचं सोडा, पोट त्यावर आहे. पण खोक्यावरचा मजकूर पाठ करून एकमेकांवर तुटून पडणारे भक्त पाहिले की शैव-वैष्णवांची जुनी भांडणं आठवतात. इंटेलपंथी आणि एएमडीपंथी! दोघांनाही विनोद धाम यांची गोष्ट सांगायला हवी. 1950 मध्ये पुण्यात जन्मलेला हा अभियंता इंटेलच्या पेंटियमचा जनक म्हणून ओळखला जातो. पुढं तो नेक्सजेन कंपनीत गेला, ती एएमडीनं विकत घेतली, आणि पेंटियमला टक्कर देणाऱ्या के6 प्रोसेसरमागंही तोच उभा राहिला. दोन्ही पंथांत एकच आचार्य. पिरनवाडीकराला तर हे कळायला जड जाऊ नये. गावाच्या नावात पीर, बोलण्यात मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये ज्या चौकात पुतळ्यावरून मराठी आणि कन्नड गटांची डोकी तापली, तिथंही शेवटी दोघांनाही जागा देणारी तडजोडच करावी लागली.

वस्तू कुठल्या अपेक्षेनं ‘आहे’ हे ठरवण्यासाठी जैन शास्त्रानं चार कलमं दिली आहेत: द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव. शास्त्रात द्रव्य म्हणजे मूळ पदार्थ आणि भाव म्हणजे त्याची अवस्था. मराठी माणसाला मात्र द्रव्य म्हटलं की खिसा आठवतो आणि भाव म्हटलं की दर. दोन्ही अर्थांनी ही चार कलमं दुकानात न्यावीत अशी आहेत.

द्रव्याचं आणि भावाचं फार बोलायला नको. असतं तेवढंच असतं. क्षेत्राकडं मात्र लोक बघत नाहीत. परीक्षणं होतात ती वातानुकूलित खोलीत, न जाणाऱ्या विजेवर. बेळगाव अडीच हजार फुटांवर, हवा थंड, हा नशिबाचा भाग. पण वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडली की लाइट जाते, आणि नव्वद टक्क्यांवर आलेला एक्सपोर्ट पुन्हा पहिल्यापासून. कोअर आय9-14900के पूर्ण जोरात 253 वॉट ओढतो, आय5-12400 चा कमाल आकडा 117 आहे. रोज आठ तास तसं चालवलं तर दिवसाला युनिटभराहून जास्त फरक पडतो, आणि यूपीएसही मोठा लागतो. लॅबमध्ये हा फरक तक्त्यातली एक ओळ असतो. इथं तो हेस्कॉमच्या वीजबिलात दिसतो.

काळाचं तर विचारूच नये. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या टोकाचे प्रोसेसर 2022 आणि 2023 मध्ये बाजारात आले तेव्हा तक्त्यांत पहिल्या ओळीत होते. 2024 मध्ये त्यांतले कित्येक विनाकारण बंद पडू लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळं चिप आतून झिजत होती, हे कंपनीनं मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती पाठवली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पहिल्या दिवशीचा बेंचमार्क खोटा नव्हता. तो पहिल्या दिवसाचा होता. उलट एएमडीच्या एएम4 सॉकेटसाठी 2017 मध्ये पहिले रायझन आले आणि 2024 मध्येही नवे येतच होते. जैन म्हणतात, प्रत्येक वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य एकत्र नांदतात: काही उपजतं, काही जातं, काही टिकतं. इथं मदरबोर्ड हे ध्रौव्य. व्यय या शब्दाचा मराठी अर्थ तेवढा कमी केला, की झालं.

या सगळ्यावर आद्य शंकराचार्यांचा आक्षेप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात ते जैनांना विचारतात, की एकाच वस्तूत आहे आणि नाही हे विरुद्ध धर्म एकदम कसे राहतील? आणि ज्या ज्ञानाचं रूपच अनिश्चित, ते संशयासारखंच निरुपयोगी. त्याच्या भरवशावर माणूस पाऊल कसं उचलणार? दुकानात अर्धा तास “ते तुमच्या कामावर आहे” एवढंच ऐकून रिकाम्या हातानं परतलेल्या माणसाला आचार्यांचा संताप पटेल. ‘कामावर आहे’ म्हणून थांबणारा सल्लागार स्याद्वादी नव्हेच. त्यानं पुढं विचारायला हवं: कॅमेरा कुठला, लग्नं महिन्याला किती, गेम कुठला, कार्ड कुठलं. चार उत्तरं मिळाली की संशय संपतो. नाक्यावरचा टपरीवाला हे करतो. भाष्यकारांच्या आक्षेपाला त्याच्याइतकं चोख उत्तर ग्रंथांतही सापडणं कठीण.

पण एक अडचण खरी आहे. आपला जॉब कोणता, हे माणसाला स्वतःला तरी माहीत असतं का?

चोवीस कोरांचा प्रोसेसर घेणारा मनात कोणाला बसवून घेत असतो? उद्या सिनेमा कापणार, परवा स्ट्रीमिंग करणार, तेरवा थ्रीडी शिकणार, असा एक भावी मी. खरा माणूस पुढच्या तीन वर्षांत लग्नंच कापत राहतो. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मोठी मार्मिक आहे: परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, तिच्यापायी येणारी मूर्च्छा. आठ कोर पुरत असताना रात्री दोनपर्यंत सोळा कोरांची परीक्षणं पाहत बसणं ही वस्तू हातात नसतानाची मूर्च्छा. निपाणीजवळ दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर (1872–1955) यांनी दिगंबर मुनिपरंपरेला विसाव्या शतकात नवं तेज आणलं. मुनीजवळ पिंछी, कमंडलू आणि शास्त्र, एवढंच. ते गृहस्थाला जमायचं नाही हे शास्त्रालाही ठाऊक होतं. म्हणून गृहस्थासाठी त्याग सांगितला नाही, परिमाण सांगितलं: मर्यादा तुझी तूच घाल, पण आधी घाल. दुकानात शिरण्यापूर्वी कागदावर आकडा लिहिणं हे त्याचं आजचं रूप म्हणता येईल.

आणि हेही तपासावं, की प्रोसेसर बदलायलाच हवा का. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीची सोय असते. मूळ फोर-के चित्रफितीच्या हलक्या, लहान प्रती करायच्या, सगळी कापाकापी त्यांच्यावर करायची आणि शेवटी एक्सपोर्टच्या वेळी मूळ फिती जागेवर येतात. सगुणाची पूजा, पोचते मात्र निर्गुणाला. सहा कोरांचा जुना रायझनही यावर आणखी एक हंगाम काढू शकतो. ज्याला संध्याकाळच्या आत रील द्यायची आहे त्याला मात्र प्रॉक्सी तयार होईपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणजे इथंही जॉब कोणता ते आलंच.

राहिला गेम. घरी बहुधा सांगितलं जातं की मशीन धंद्यासाठी पाहिजे. गेमचं नाव कुणी काढत नाही. ही लपवाछपवी अनावश्यक आहे, आणि हिशेबही तीच बिघडवते, कारण खोट्या अपेक्षेवर नय उभा राहत नाही. बेळगावचीच एक गोष्ट आहे. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद परिव्राजक म्हणून इथं आले आणि सदाशिवराव भाटे वकिलांकडं उतरले. वकिलांचे चिरंजीव, पुढं प्राध्यापक झालेले ग. स. भाटे, यांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. जेवणानंतर स्वामींनी पान-सुपारी मागितली, तंबाखूही मागितली, आणि संन्याशाला हे कसं चालतं म्हणून घरातले चकित झाले. स्वामींनी आडपडदा ठेवला नाही. पूर्वीच्या पुष्कळ गोष्टी सोडल्या, या किरकोळ तेवढ्या राहिल्या, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. व्हॅलोरंटला पानसुपारीच्या पंगतीत बसवावं की नाही यावर वाद होईल. पण दोन तास खेळतो हे कागदावर लिहिलं, तरच पुढचा हिशेब बरोबर येतो.

आपल्या तरुणाचा हिशेब मग असा पडतो. कॅमेरा आठ बिट, 4:2:0. हंगामात आठवड्याला दोन लग्नं. गेम रात्री, आणि व्हॅलोरंट जुन्या यंत्रावरही पडद्याला पुरेल इतका चालतो. कॅशचा दुमजली भाऊ त्याला मोहात पाडतो, पण दिवसाचे दहा तास टाइमलाइनचे आहेत. 5700एक्स घेतला, उरलेल्यात रॅम दुप्पट केली आणि यूपीएसची मेलेली बॅटरी बदलली. रात्रभर गेमच खेळणाऱ्या त्याच्या मित्रानं त्याच दुकानातून, त्याच दिवशी, धाकटा भाऊ नेला तर तोही चुकला नाही.

जुना काढताना जपावं लागतं. एएम4 चिपला खालून 1331 सोनेरी टाचण्या असतात, आणि कूलरखालची पेस्ट वाळून दगड झालेली असली की कूलर सरळ ओढताच चिप सॉकेटमधून उपटून येते. म्हणून आधी दहा मिनिटं यंत्र चालवून ते तापू द्यायचं, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडं फिरवायचा. तो सुटतो. राखाडी पेस्ट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली की धातूवरची अक्षरं वर येतात: रायझन 5 2600, डिफ्यूज्ड इन यूएसए, मेड इन चायना. घेतला त्या दिवशी दुकानात यालाच सगळ्यात चांगला म्हणाले होते. तो चिप उलटी करून खिडकीच्या उजेडात धरतो, एका डोळ्यानं टाचण्यांच्या रांगा न्याहाळतो. कोपऱ्यातली एक किंचित कलली आहे. ती तो ब्लेडच्या पात्यानं श्वास रोखून सरळ करतो, कारण बहिणीच्या कॉलेजच्या कामासाठी जोडायच्या संगणकात उद्या हाच बसायचा आहे.